हात डोक्यावर नेताना आणि तळवा फिरवताना नेमके कोणते सांधे हलतात?

रेषाकार

नमस्कार. त्रिमितीय ॲनिमेशनसाठी मी मानवी हाताचा सांगाडा संगणकावर उभा करत आहे. शाळेत शिकलेल्या वर्गीकरणाला धरून मी खांद्याला उखळीचा सांधा दिला, कोपराला बिजागरीचा दिला आणि मनगटाला पुन्हा तिन्ही अक्षांभोवती फिरणारा सांधा दिला. खांद्याचे तीन, कोपराचा एक आणि मनगटाचे तीन असे एकूण सात फिरकोन झाले, आणि हिशेबाने एवढे पुरायला हवेत. तरीही हात हलू लागला की तो खरा वाटत नाही. त्याची कारणे शरीररचनेत असावीत असा माझा कयास आहे.

पहिली अडचण खांद्याची आहे. हात डोक्यावर सरळ उभा केला की काखेजवळचा भाग आत चेपला जातो आणि खांद्याचा गोलवा मानेत घुसल्यासारखा दिसतो. दुसरी अडचण तळव्याची आहे. आकाशाकडे असलेला तळवा जमिनीकडे वळवला की सगळा पीळ मनगटाच्या एका रेषेवर जमा होतो आणि तेथील त्वचा चिरडल्यासारखी दिसते. तिसरी अडचण अशी की पंजा टेबलावर स्थिर ठेवल्यावर कोपर कोठे असावे हे सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही. ते एका चौकटीत (ॲनिमेशनच्या एका चित्रात) बरगड्यांना चिकटते आणि पुढच्याच चौकटीत एकदम बाहेर फेकले जाते.

चौथी गोष्ट सर्वांत विचित्र आहे. हात शरीराच्या बाजूला सरळ लोंबत ठेवला, तळवा मांडीकडे ठेवला, मग हात समोर खांद्याच्या उंचीपर्यंत उचलला, तेथून आडवाच बाहेरच्या बाजूला नेला आणि शेवटी खाली सोडला, तर मांडीकडे असलेला तळवा आता समोर पाहत असतो. हाताच्या स्वतःच्या अक्षाभोवतीचा फिरकोन मी कोठेही वापरलेला नाही, तरी ९० अंशांचा फरक पडतो. हा सॉफ्टवेअरचा दोष आहे की खरा हातही असाच वागतो? जाणकारांनी सांध्यांच्या मर्यादांचे आकडेही दिले तर फार उपयोग होईल.

अस्थिपाठक

मी शरीररचनाशास्त्र शिकवतो, म्हणून फक्त पहिल्या अडचणीबद्दल लिहितो; तीच सर्वांत मोठी आहे आणि तिच्याबद्दल सविस्तर लिहिल्याखेरीज उपयोग नाही.

आपण खांद्याला एक सांधा मानला आहे. शरीरात त्या जागी तीन खरे सांधे आहेत आणि एक असा पृष्ठभाग आहे ज्याला सांध्याचे काम करावे लागते. बाहूच्या, म्हणजे दंडाच्या, हाडाचा गोल माथा खांद्याच्या पात्याला जेथे भेटतो तो पहिला, पाते कॉलर बोनच्या बाहेरच्या टोकाला जेथे भेटते तो दुसरा, आणि कॉलर बोनचे आतले टोक गळ्याच्या खळगीशेजारी छातीच्या मधल्या हाडाला जेथे भेटते तो तिसरा. यांपैकी तिसरा सांधा हा हाताचा धडाशी असलेला एकमेव हाडाचा जोड आहे. पाते बरगड्यांना कोणत्याही सांध्याने जोडलेले नाही. ते स्नायूंमध्ये अडकून बरगड्यांच्या पाठीमागच्या उतारावर सरकते, वर चढते आणि फिरते. संपूर्ण हाताचा भार हाडांच्या मार्गाने धडाकडे नेणारा हा एवढासा सांधा असूनही तो क्वचितच निखळतो, कारण त्याचे अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे) फार मजबूत असतात आणि आत कूर्चेची एक चकतीही असते.

बाहू आणि पाते यांच्या सांध्याला पुस्तके उखळीचा सांधा म्हणतात, पण खुब्याची उखळ मनात ठेवून त्याकडे पाहिले तर दिशाभूल होते. खुब्यात मांडीच्या हाडाचा माथा खोलवर बसलेला असतो, तर खांद्यातील खोबण ही उथळ बशी आहे. बाहूच्या माथ्याचा साधारण पाव ते तृतीयांश भागच कोणत्याही क्षणी तिला टेकलेला असतो. बशीच्या काठावर तंतुमय कूर्चेची कड असते आणि ती थोडी खोली वाढवते, परंतु माथा जागेवर धरून ठेवण्याचे मुख्य काम भोवतालचे चार लहान स्नायू करतात. त्यांना एकत्रितपणे रोटेटर कफ म्हणतात. हात उचलताना खांद्यावरचा मोठा त्रिकोणी स्नायू माथ्याला वर खेचू पाहतो आणि हे चार स्नायू त्याच वेळी त्याला बशीत दाबून धरतात. शरीरातील मोठ्या सांध्यांपैकी सर्वाधिक वेळा खांदाच निखळतो, आणि सर्वाधिक फिरतोही तोच. या दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे.

आता हात वर नेण्याकडे येऊ. बाहू आणि पाते यांच्यातील सांधा एकटा हाताला सुमारे १२० अंशांपर्यंतच उचलू शकतो. उरलेले सुमारे ६० अंश पात्याच्या फिरण्यातून येतात. ते फिरताना बशीचे तोंड बाहेरून वरच्या दिशेला वळत जाते. म्हणजे ढोबळमानाने दोनास एक असे हे प्रमाण आहे. १९४४ मध्ये इनमन, साँडर्स आणि ॲबट यांनी खांद्याच्या हालचालींचे जे मोजमाप प्रसिद्ध केले तेव्हापासून हे प्रमाण पाठ्यपुस्तकांत रुळले आहे. पाते फिरण्यासाठी कॉलर बोनलाही हलावे लागते. तिचे बाहेरचे टोक उचलले जाते, मागे जाते आणि हाड स्वतःच्या अक्षाभोवती मागच्या बाजूला बरेच फिरते. दुसऱ्या हाताची बोटे गळ्याच्या खळगीशेजारच्या उंचवट्यावर ठेवून हात डोक्यावर नेला तर ही हालचाल बोटांखाली जाणवते.

आपल्या सांगाड्यात हे ६० अंशही बाहूच्याच सांध्यावर पडत असणार. म्हणून पहिला उपाय असा की छातीच्या मध्याजवळून निघणारे एक कॉलर बोन घाला, त्याच्या बाहेरच्या टोकाला पाते जोडा आणि बाहू पात्याला जोडा. हात वर जाताना कॉलर बोन आणि पाते आपोआप आपला वाटा उचलतील असे सूत्र बांधा. मानेचा आणि काखेचा चेपलेपणा बराचसा तेथेच संपेल.

एक बारकावा आणखी आहे, आणि तो चित्रकारही विसरतात. हात बाजूने वर नेताना बाहू स्वतःच्या अक्षाभोवती बाहेरच्या दिशेला फिरलाच पाहिजे, कारण बाहूच्या माथ्याच्या बाहेरच्या अंगाला एक मोठा उंचवटा आहे आणि तो फिरला नाही तर पात्याच्या छपरासारख्या टोकाखाली अडकतो. अंगठा जमिनीकडे ठेवून हात बाजूने उचलून पाहा. खांद्याच्या उंचीच्या आसपास तो जड होतो. तेथेच तळवा वर वळवला की पुढचा मार्ग मोकळा होतो.

व्यायामोपचार

वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र दोनास एक हे प्रमाण सूत्रात जसेच्या तसे बसवू नये अशी माझी सूचना आहे. ते संपूर्ण हालचालीची सरासरी सांगते. सुरुवातीच्या साधारण ३० अंशांत पाते फारसे हलत नाही, ते बरगड्यांवर आपली जागा पक्की करत असते, आणि या टप्प्यात व्यक्तीव्यक्तींत मोठा फरक दिसतो. त्यानंतर त्याचा वाटा वाढतो. हातात वजन असले किंवा हालचालीचा वेग बदलला तरी हे प्रमाण बदलते. म्हणून सरळ रेषेऐवजी हळू सुरू होऊन मग चढणारी वक्ररेषा वापरली तर हालचाल अधिक खरी दिसेल.

शिवाय १८० अंशांपर्यंत हात नेताना पाठीचा कणाही मदतीला येतो. एक हात पूर्ण वर नेला की धड किंचित विरुद्ध बाजूला झुकते. दोन्ही हात नेले की कंबरेचा बाक थोडा वाढतो. ज्यांचा खांदा आखडलेला असतो त्यांच्यात हे सर्व ठळकपणे दिसते: बाहू आणि पाते यांच्यातील सांधा जवळजवळ बंद झालेला असतानाही ती व्यक्ती पाते वर फिरवून आणि धड कलते करून हात बराच उचलू शकते, फक्त तो उचलताना खांदा आधी कानाकडे जातो. निरोगी पात्राच्या हालचालीत खांदा सुरुवातीलाच कानाकडे गेला तर प्रेक्षकाला कारण कळणार नाही, पण काहीतरी दुखत आहे हे मात्र नक्की जाणवेल.

मर्यादांचे आकडे आपण मागितले आहेत. संपूर्ण खांदा विचारात घेतला तर हात समोरून आणि बाजूने १८० अंशांच्या आसपास वर जातो, मागे सुमारे ५० ते ६० अंश जातो, बाहेरच्या दिशेला सुमारे ९० अंश फिरतो आणि आतल्या दिशेला सुमारे ७० ते ९० अंश. हे प्रौढ, निरोगी माणसाचे ढोबळ आकडे आहेत. ते सर्व एकाच वेळी उपलब्ध नसतात, कारण एका दिशेला हात टोकापर्यंत नेला की सांध्याभोवतीचे आवरण ताणले जाते आणि दुसऱ्या दिशेची मुभा कमी होते. प्रत्येक फिरकोनाला स्वतंत्र कमाल आणि किमान मर्यादा देणारी सॉफ्टवेअरमधील पद्धत येथे अपुरी पडते.

अस्थिपाठक

तळव्याच्या पिळाबद्दलही लिहावे असे वाटले, कारण या प्रश्नात सर्वांत सुंदर यंत्रणा तीच आहे.

मनगटाला स्वतःभोवती फिरणारा अक्ष जवळजवळ नाहीच. मनगट पुढे-मागे वाकते आणि दोन्ही कडांकडे झुकते; तळवा पालथा करण्याचे काम कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान संपूर्ण अग्रबाहूच्या लांबीवर घडते. तेथे दोन हाडे आहेत. करंगळीच्या बाजूचे अल्ना आणि अंगठ्याच्या बाजूचे रेडियस. अल्ना कोपराकडे जाड आणि मनगटाकडे निमुळते असते, रेडियसचे नेमके उलट. बाहूच्या हाडाला घट्ट पकडून बिजागरीसारखे फिरणारे हाड अल्ना आहे, तर पंजा ज्यावर बसलेला आहे ते हाड रेडियस आहे. अल्नाचे खालचे टोक मनगटाच्या लहान हाडांना थेट टेकतही नाही, मध्ये कूर्चेची चकती असते. परिणामी कोपराची घडी एका हाडाच्या ताब्यात आणि पंजाचे फिरणे दुसऱ्या हाडाच्या ताब्यात, अशी कामाची वाटणी झालेली आहे.

तळवा आकाशाकडे असताना ही दोन हाडे एकमेकांना समांतर असतात. तळवा जमिनीकडे वळला की रेडियसचा वरचा गोल माथा एका कडीसारख्या अस्थिबंधात जागच्या जागी फिरतो, पण त्याचे खालचे टोक अल्नाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाते आणि दोन्ही हाडांची फुली होते. हालचालीचा अक्ष तिरका असतो. तो कोपराजवळ रेडियसच्या माथ्यातून निघतो आणि मनगटाजवळ अल्नाच्या टोकातून बाहेर पडतो. स्वतःच तपासून पाहता येईल. अल्नाची मागची कड कोपराच्या टोकापासून मनगटापर्यंत त्वचेखालीच असते. दुसऱ्या हाताची बोटे तिच्यावर कोपराजवळ ठेवा आणि तळवा उलटसुलट फिरवा; बोटांखालचे हाड हलत नाही. मग बोटे हळूहळू मनगटाकडे, अंगठ्याच्या बाजूला सरकवा. तेथे सर्व काही फिरत असते. प्रत्यक्ष व्यवहारात अल्नाचे खालचे टोकही किंचित बाजूला सरकते, विशेषतः मधल्या बोटाच्या रेषेभोवती पंजा फिरवायचा असेल तेव्हा, पण आपल्या कामापुरते ते स्थिर मानले तरी चालेल.

मध्यम स्थितीपासून, म्हणजे अंगठा वर असताना, दोन्ही दिशांना सुमारे ८० ते ९० अंश एवढी ही हालचाल असते. कोपराची घडी पूर्ण सरळ स्थितीपासून सुमारे १४० ते १५० अंशांपर्यंत होते. सरळ करताना अल्नाचे टोक बाहूच्या मागच्या खळग्यात जाऊन थांबते, म्हणून ती मर्यादा कडक असते. घडी घालताना मात्र दंडाचे आणि अग्रबाहूचे मांस एकमेकांवर दबते, म्हणून ती मर्यादा मऊ असते आणि स्नायू जितके मोठे तितकी ती लवकर येते. रोजच्या बहुतेक कामांना एवढ्या सगळ्या हालचालीची गरज लागत नाही. १९८१ मध्ये मॉरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की ३० ते १३० अंशांची घडी आणि दोन्ही बाजूंना सुमारे ५० अंशांचे फिरणे एवढ्यात ती होतात. आपल्या पात्राचे हात प्रत्येक हालचालीत टोकाच्या मर्यादेला भिडत असतील तर ते कृत्रिम दिसण्याचे हेही एक कारण असू शकेल.

दंडाच्या पुढचा बायसेप्स हा स्नायू केवळ कोपर वाकवतो असा समज आहे. तो रेडियसला जोडलेला आहे, आणि तळवा पालथा असताना त्याची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) रेडियसभोवती गुंडाळली जाते. स्नायू आकसला की ती उलगडते आणि तळवा उताणा होतो. कोपर काटकोनात असताना या कामात तो सर्वांत जोरदार असतो. उजव्या हाताने स्क्रू घट्ट करताना दंड फुगतो तो यामुळेच. लिओनार्दो दा विंची यांनी १५१० च्या सुमारास केलेल्या हाताच्या रेखाटनांत हे काम नोंदवलेले आहे, आणि फुली मारलेली दोन हाडेही त्यांत स्वच्छ दिसतात. ॲनिमेशन करणाऱ्याने ती अवश्य पाहावीत.

पिळाचा उपाय आता उघड आहे. मनगटाचा तिसरा फिरकोन काढून टाका. कोपर आणि मनगट यांच्यामध्ये तीन-चार हाडांची साखळी ठेवा आणि एकूण पीळ तिच्यावर वाटा, कोपराजवळ जवळजवळ शून्य आणि मनगटाजवळ पूर्ण. दंडावरही हीच काळजी घ्यावी लागेल, कारण बाहू स्वतःभोवती फिरतो तेव्हा खांद्यावरची त्वचा फारशी फिरत नाही, कोपराजवळची मात्र पूर्ण फिरते.

रेषाकार

दोन्ही उत्तरांसाठी मनःपूर्वक आभार. कॉलर बोन घातल्याबरोबर खांद्याचा आकार सुधारला. पिळाची साखळीही चालली. मात्र एक शंका आहे. अग्रबाहूतून एकूण १६० ते १८० अंश मिळतात असे गृहीत धरले, तर कोपर सरळ ठेवून मी माझा तळवा फिरवतो तेव्हा तो याहून कितीतरी जास्त कसा फिरतो? आरशासमोर पाहिले तर जवळजवळ पूर्ण फेरा होतो.

व्यायामोपचार

कोपर सरळ असताना बाहूचा अक्ष आणि अग्रबाहूचा अक्ष जवळपास एकाच रेषेत येतात, त्यामुळे खांद्यातील फिरणे आणि अग्रबाहूतील फिरणे यांची बेरीज होते आणि बाहेरून दोन्ही वेगळी ओळखता येत नाहीत. म्हणूनच अग्रबाहूची हालचाल मोजताना कोपर काटकोनात वाकवून बरगड्यांना चिकटवायला सांगतात. तशा स्थितीत खांदा फिरला तर अग्रबाहू बाजूला जातो आणि चोरी लगेच पकडली जाते.

जाता जाता, कोपर सरळ असताना दोन्ही अक्ष अगदी एका रेषेत येत नाहीत, हेही लक्षात ठेवा. तळवे समोर करून उभे राहिल्यास अग्रबाहू दंडाच्या रेषेपेक्षा किंचित बाहेर झुकलेला दिसतो. हा कोन साधारण ५ ते १५ अंशांचा असतो आणि सरासरीने स्त्रियांमध्ये थोडा अधिक असतो. तळवा पालथा केला की तो दिसेनासा होतो.

चौकटमोजणी

चौथ्या अडचणीचे कारण मला गिंबल लॉक (तीनपैकी दोन अक्ष एका रेषेत येऊन एक फिरकोन निकामी होणे) वाटते. तीन कोनांनी दिशा मांडण्याची पद्धत सोडून क्वाटर्नियन (चार आकड्यांनी दिशा मांडण्याची पद्धत) वापरावेत. तळवा मग वळणार नाही.

यंत्रबाहू

मी यंत्रमानवांच्या हातांवर काम करतो. वरील सूचनेशी मी आदरपूर्वक असहमत आहे. क्वाटर्नियन वापरण्याची इतर कारणे चांगली आहेत, पण या बाबतीत त्यांनी काहीही बदलणार नाही, कारण तळवा खरोखरच वळतो. कोपर ताठ ठेवून आणि अग्रबाहू न फिरवता आपण स्वतः त्या तीन हालचाली करून पाहाव्यात. मांडीकडे असलेला तळवा समोर आलेला दिसेल.

खांद्याच्या अभ्यासात याला कॉडमनचा विरोधाभास म्हणतात. बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये खांद्यावरील आपल्या ग्रंथात तो मांडला होता. त्यांच्या रूपात हात समोरून थेट डोक्यावर नेतात आणि बाजूने खाली आणतात. तेव्हा फरक ९० ऐवजी १८० अंशांचा पडतो आणि अंगठा पुढे होता तो मागे जातो. फिरवले नाही तरी फिरलेले कसे, यावर पुढे बराच खल झाला, पण भूमितीने पाहिले तर यात गूढ काही उरत नाही.

खांदा हे गोलाचे केंद्र समजा. ताठ हाताचे टोक त्या गोलाच्या पृष्ठभागावर चालते. आपल्या तीन हालचालींत ते खालच्या ध्रुवापासून समोर विषुववृत्तावर येते, विषुववृत्तावरून पाव फेरा बाजूला जाते आणि पुन्हा खालच्या ध्रुवाला पोचते. हा गोलावरचा त्रिकोण आहे आणि त्याचे तिन्ही कोन काटकोन आहेत. सपाट कागदावर त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश असते, येथे ती २७० अंश आहे. वरचे जे ९० अंश आहेत तेवढाच तळवा वळतो. कॉडमन यांच्या मार्गात हाताचे टोक गोलाचा दुप्पट भाग वेढते, म्हणून वळणही दुप्पट. एखाद्या बंद मार्गाने हात फिरवून मूळ जागी आणला की वेढलेल्या क्षेत्राच्या प्रमाणात पीळ शिल्लक राहतो, मध्ये कोणताही पीळ दिलेला नसला तरी. हाच मार्ग उलट क्रमाने चालवला तर तळवा उलट दिशेला वळू पाहतो, पण तेथे खांद्याच्या आतल्या दिशेच्या फिरण्याची मर्यादा आड येते आणि माणूस नकळत मध्येच पीळ देऊन तो ताण टाळतो.

थोडक्यात, आपले सॉफ्टवेअर येथे खऱ्या हातासारखेच वागले आहे. फरक इतकाच की जिवंत माणूस हात खाली आणता आणता तळवा हळूच मांडीकडे वळवून घेतो आणि आपले पात्र ते करत नाही.

तिसऱ्या अडचणीलाही असेच भूमितीचे कारण आहे. अवकाशात एखाद्या वस्तूची जागा आणि दिशा पूर्णपणे ठरवायला सहा आकडे लागतात, तीन जागेचे आणि तीन दिशेचे. हातात खांद्याचे तीन, कोपराचा एक, अग्रबाहूचा एक आणि मनगटाचे दोन असे सात फिरकोन आहेत. पंजा आणि खांदा दोन्ही स्थिर केले तरी एक कोन मोकळा राहतो, आणि तो म्हणजे कोपराची जागा. तळहात टेबलावर दाबून ठेवा आणि खांदा न हलवता कोपर वरखाली करा. खांद्याच्या मध्यापासून मनगटाच्या मध्यापर्यंत काढलेल्या रेषेभोवती ते वर्तुळाच्या एका कमानीवर फिरते. गंमत अशी की यात कोपराचा स्वतःचा कोन बदलत नाही, कारण खांदा आणि मनगट यांतील अंतर तेच आहे. खांदा, अग्रबाहू आणि मनगट हे तिघे मात्र सतत जुळवून घेत असतात. हात जितका सरळ, तितके हे वर्तुळ लहान, आणि पूर्ण ताठ हातात ते शून्य होते. म्हणूनच हात सरळ होण्याच्या क्षणाभोवती आपले कोपर उड्या मारत असेल.

हा मोकळा कोन हा दोष नसून मोठी सोय आहे. अडगळीच्या जागेत हात घालताना वस्तूवरची पकड न सोडता कोपर अडथळ्यापासून बाजूला घेता येते ते त्याच्याच आधारावर, आणि औद्योगिक यंत्रबाहूंत पूर्वीपासून रूढ असलेल्या सहा सांध्यांच्या रचनेला ते साधत नाही. आपल्या कामासाठी सुचवतो की कोपराची दिशा दाखवणारा एक स्वतंत्र बिंदू ठेवा, हात सैल असताना तो खाली आणि किंचित बाहेर असू द्या, कारण जिवंत माणूस कोपर उगाच उचलून धरत नाही, आणि पंजा वर जाऊ लागला की तो बिंदू हळूहळू बाहेर सरकवा. मनगट किंवा अग्रबाहू मर्यादेच्या जवळ आले की बाकीचा भार कोपराने घ्यावा असा नियमही घाला. पंजा पालथा करून छातीजवळ आणताना आपले कोपर बाहेर जाते ते याच कारणाने.

कोळसारेखा

मी चित्रकला शिकवते, म्हणून फक्त पंजाबद्दल दोन गोष्टी. बोटाचा पहिला सांधा तळव्याच्या बाजूने दिसणाऱ्या घडीवर नसतो, तो बराच मागे, मूठ वळल्यावर जो उंचवटा दिसतो तेथे असतो. म्हणून पंजाच्या मागच्या बाजूने बोटे लांब दिसतात आणि तळव्याच्या बाजूने आखूड. सांगाडा बांधताना बहुतेक जण सांधा त्वचेच्या घडीवर ठेवतात आणि मग मूठ वळताना तळवा फाटल्यासारखा दिसतो. दुसरी गोष्ट अशी की बोटे सरळ असताना ती एकमेकांपासून फाकवता येतात, पण पहिल्या सांध्यात काटकोनात वाकवली की फाकवता येत नाहीत, कारण त्या सांध्याच्या दोन्ही कडांचे अस्थिबंध वाकलेल्या स्थितीत ताणले जातात. सॉफ्टवेअरमध्ये ही बंदी घालावीच लागते.

अस्थिपाठक

कोळसारेखा यांनी सांगितलेले अगदी योग्य आहे. अंगठ्याबद्दल मी एवढेच म्हणेन की त्याचा मुख्य सांधा मनगटाला लागूनच आहे, तो खोगिराच्या आकाराचा आहे, आणि अंगठ्याचे नख इतर नखांना साधारण काटकोनात असते.

मनगटाचे आकडे द्यायचे राहिले होते. तळव्याच्या बाजूला ते सुमारे ८० अंश वाकते, मागच्या बाजूला सुमारे ७०, करंगळीकडे सुमारे ३० आणि अंगठ्याकडे सुमारे २०. ही हालचाल आठ लहान हाडांच्या दोन ओळींत वाटलेली असते. वरच्या ओळीतील मुख्य हाडांना एकही कंडरा थेट जोडलेली नाही, ती खालच्या ओळीच्या दाबाने हलतात. आपल्या कामासाठी एकच केंद्र पुरेल. मात्र ते मनगटाच्या घडीवर न ठेवता किंचित पंजाच्या बाजूला ठेवा.

मनगट आणि बोटे यांचे नाते मात्र सांगाड्यात अवश्य घाला. बोटे वाकवणारे मोठे स्नायू अग्रबाहूत असतात आणि त्यांच्या कंडरा मनगटावरून जातात. बोटे सरळ करणाऱ्यांचेही तसेच. म्हणून सैल हाताचे मनगट मागे वाकवले की बोटे आपोआप मिटू लागतात आणि पुढे वाकवले की उघडू लागतात. घट्ट पकडीत मनगट किंचित मागे वाकलेले असते, आणि ते पूर्ण पुढे वाकवून मूठ आवळण्याचा प्रयत्न केला तर पकडीतला जोर गेलेला लगेच जाणवतो. आपल्या पात्राने जड वस्तू मनगट पुढे वाकवून उचलली तर वस्तू पोकळ असल्यासारखी दिसेल. मनगटाच्या कोनावर बोटांच्या वाकण्याचा थोडासा भाग अवलंबून ठेवा, चारही बोटांना सारखा नको, करंगळीकडे थोडा अधिक.